पाच मागण्यांची जीप

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी कल्याण-मलंग रस्त्यावर उंच चाकांच्या, चिखलाने माखलेल्या गाड्या हमखास दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा महिंद्रा थार असतात, एखादी गुरखा, एखादी जिम्नी, आणि मध्येच कुणाची तरी आजोबा शोभेल अशी जुनी एमएम ५४०. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या या हौशी मंडळींशी आणि त्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींशी मी गेली काही वर्षे बोलत आलो आहे. थारची पुढची पिढी कशी असावी, असे विचारले की माणूस बँकेतला असो, वकील असो की हार्डवेअरचा दुकानदार, उत्तरे फिरून फिरून पाचच येतात.

एक, गाडी वेगळ्या चॅसीवरच उभी असावी. दोन, मुख्य गिअरच्या शेजारचा छोटा दांडा, जो ओढला की चारही चाकांना ताकद आणि मुंगीची चाल मिळते, तो राहावा. त्याच्या जागी बटण येऊ नये. तीन, छप्पर काढता यावे. चार, डिझेल इंजिन बंद होऊ नये. पाच, तोंडवळा जीपचाच असावा: गोल दिवे, उभ्या खाचा, सपाट मडगार्ड.

यादी उद्याच्या गाडीची आहे, पण तिच्यातली एकही मागणी नवी नाही. प्रत्येकीला जन्मसाल आहे, आणि प्रत्येक गोष्ट मुळात कुणा गरजवंताने मागितलेली आहे. हौस मागाहून आली. ते गरजवंत कोण होते आणि आज ते कुठे आहेत, हे पाहण्यासाठी हा लेख.

पहिला गरजवंत अमेरिकेचे लष्कर. १९४० च्या उन्हाळ्यात त्याने छोट्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना पत्रे पाठवली. बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला हाताशी धरून ४९ दिवसांच्या मुदतीत नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. बँटमची कुवत लहान, म्हणून मोठे काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. इंजिन २.२ लिटरचे, ताकद ६० अश्वशक्ती, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच.

हौशींच्या यादीतल्या चार मागण्या या गाडीतून आल्या. वेगळी चॅसी होती, म्हणून वरचा पत्रा चेपला तरी गाडी चालत राही. छोटा दांडा होता, कारण तोफ ओढत चढ चढायचा होता. छप्पर कापडाचे आणि पुढची काच आडवी पडणारी, कारण गाडी शत्रूला दिसू नये आणि जहाजातल्या खोक्यात मावावी. मडगार्ड सपाट, कारण सपाट पत्रा झटपट कापता येतो. पुढच्या जाळीच्या उभ्या खाचादेखील सौंदर्यासाठी नव्हत्या. विलीजने आधी लोखंडी पट्ट्या जोडून जाळी केली होती. फोर्डने एकाच पत्र्यात नऊ खाचा पाडून ती स्वस्त केली. युद्धानंतर नागरी गाडीला मोठे दिवे बसवले, तेव्हा खाचा नवाच्या सात झाल्या. आज ज्या चेहऱ्यावर लोक जीव टाकतात, तो काटकसरीतून घडला आहे.

हे युद्ध आपल्या दाराशीही आले होते. कल्याणच्या पूर्वेला, आज जिथे उल्हासनगर आहे तिथे, सैन्याचा मोठा तळ पडला. लोक त्याला कल्याण कॅम्प म्हणत. उल्हासनगरच्या भागांना आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात. जवळच नेवाळी परिसरात विमानांच्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपले, सैन्य गेले, आणि रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली.

त्याच १९४९ साली मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी पोलादाच्या व्यापारातली. तिचे एक संस्थापक मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्र आले. कैलासचंद्र महिंद्र युद्धकाळात भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टनला होते. जीपची ओळख तिथलीच. पहिली खेप ७५ गाड्यांची, सुट्या भागांत आलेली. पुढे कांदिवलीत कारखाना उभा राहिला.

ही गाडी विकत कोण घेणार होते? सामान्य माणूस नक्कीच नव्हे. पहिली तीस वर्षे मुख्य गिऱ्हाईक सरकार होते: लष्कर, पोलीस, जंगलखाते, पाटबंधारे, मलेरिया निर्मूलन, कुटुंबनियोजन. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी हा नवा साहेब खेड्यात पोचला तो जीपमधून. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, सभापतींनाही जीप मिळाली. शहापूर-मुरबाडकडची म्हातारी माणसे सांगतात, की धूळ उठली की आधी जीप ओळखायची आणि मग ती कुठल्या खात्याची ते ओळखायचे. त्यावर घरात थांबायचे की रानात जायचे, हे ठरे. लस टोचणारी जीप वेगळी आणि दारू पकडणारी वेगळी. सत्तेचा आणि सेवेचा चेहरा एकच होता.

त्या काळातली आपली जीप म्हणजे सीजे-३बी. तिचे बोनेट उंच, कारण आतले नवे हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते. अमेरिकेत हा साचा साठच्या दशकात थांबला. आपल्याकडे तो पुढे कितीतरी वर्षे चालला. परदेशी लोक याला मागासपणा म्हणतील. मिस्त्रींच्या दृष्टीने तो फायदा होता. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा भाग आजच्या गाडीला बसे, आणि पाना, हातोडा व जरा अक्कल एवढ्यावर काम भागे.

चौथी मागणी, डिझेलची, हिचा गरजवंत वेगळा. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल पिणारी जीप खात्यांनाही परवडेना. महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला आणि त्यांचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आणि तिच्या भावंडांत आले. डिझेल जीप हिशेबात बसू लागली आणि ती सरकारी आवारातून बाहेर पडून भाड्याच्या धंद्यात शिरली. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, आपल्याकडे काळी-पिवळी. मुरबाडला आजही रेल्वे नाही. एसटी चुकली की कल्याणहून जाणाऱ्याला मागच्या बाकावर समोरासमोर गुडघे टेकवून बसणे किंवा मागच्या पायरीवर लटकणे, हाच मार्ग. साहेबाची जीप कोंबड्या, भाजीचे हारे आणि बाळंतिणी वाहू लागली.

प्यूजो हे नाव आपल्याकडे आणखी एकदा आले. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटार तयार होऊ लागली. कामगारांचे वाद आणि पैशांची अडचण यांत ते काही वर्षांतच आटोपले. ती मोटार आज रस्त्यावर शोधून सापडत नाही. प्यूजोचेच इंजिन घातलेली जीप मात्र मिस्त्रींकडे अजून येते. टिकले ते, जे गावातल्या माणसाला उघडून दुरुस्त करता आले.

हौशी माणूस या गोष्टीत खऱ्या अर्थाने शिरतो तो २०१० साली. त्या ऑक्टोबरात थार बाजारात आली. कापडी छप्पर, मागे आडवे बाक, मागच्या चाकांना जुन्यासारखे पाटे, पण पुढच्या चाकांना नवी रचना आणि नवे डिझेल इंजिन. भाड्याच्या धंद्यासाठी तोवर बोलेरो आणि ट्रॅक्स होत्या. थार ही हौसेसाठी केलेली पहिली मोठी देशी जीप म्हणायला हरकत नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी दुसऱ्या पिढीचे दर्शन झाले आणि २ ऑक्टोबरला विक्री सुरू झाली. सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार, चार चाकांची ताकद प्रत्येक गाडीत. आडव्या बाकांचा स्वस्त प्रकार होता, तो लवकरच बंद झाला. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची थार रॉक्स आली. तिची सुरुवात १२ लाख ९९ हजारांना, पण चार चाकांची ताकद हवी तर किमान १८ लाख ७९ हजार. ३ ऑक्टोबरला नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या तासात पावणेदोन लाखांवर मागण्या आल्या.

हे आकडे मी मुद्दाम मांडले. १९४९ मध्ये चार चाकांची ताकद हा गाडीचा किमान भाग होता. तोच आता सर्वांत महाग भाग झाला आहे. जीपचा आकार स्वस्तात मिळतो, जीपचे काम मात्र चढ्या दराने.

चेहऱ्याची गोष्टही अशीच. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची जुन्या धाटणीची गाडी आणली, तेव्हा जीप नावाचे आजचे मालक तिथल्या व्यापार आयोगाकडे गेले, आणि २०२० मध्ये त्या रूपातल्या गाडीवर बंदी आली. बदल करून ती पुढे विकली गेली. फोर्डने पत्रा वाचवण्यासाठी पाडलेल्या खाचांवर आज वकील लढतात. दरम्यान जीप कंपनीची रँग्लर २०२१ पासून आपल्याच पुणे जिल्ह्यात, रांजणगावला जुळवली जाऊ लागली. माझगावला सुरू झालेले वर्तुळ असे वेगळ्याच गावी पुरे झाले.

हौशींना भीती कशाची, तेही नीट समजून घ्यावे. विलायतेत जुनी लँड रोव्हर डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. नवी आली ती वेगळ्या चॅसीशिवाय. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात २०२४ मध्ये दांड्याच्या जागी फिरवायचे बटण आले. १५ ऑगस्ट २०२५ रोजी महिंद्रने ‘व्हिजन टी’ हा नमुना दाखवला, उंच, चौकोनी, पाहताक्षणी थारची आठवण देणारा. पण तो ज्या नव्या रचनेवर बेतला आहे, तिच्यात चॅसी आणि पत्रा एकजीव असतात. पहिल्या दोन मागण्यांवर गंडांतर आहे, ही भीती खोटी नाही. दुसरी बाजूही खरी आहे. अपघातात माणूस वाचावा, धूर कमी व्हावा, यासाठीचे नियम जुन्या साच्यात बसवणे कठीण असते, आणि ते नियम हवेतच.

आणि ही गाडी न्यायची कुठे? कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचे काम चालले आहे. प्रीमियरच्या परिसरात उंच गृहसंकुले झाली. येऊरचे जंगल गाड्या घालण्यासाठी नाही, आणि ते योग्यच. नेवाळीच्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून शेतकऱ्यांनी जून २०१७ मध्ये केलेल्या आंदोलनात जाळपोळ झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. शहरालगतचे मोकळे रान म्हणजे कुणाची तरी शेती असते, हे रविवारच्या चाकांनी विसरू नये.

रस्ता नसलेली जागा मात्र जिल्ह्यात अजून आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूला चादर बांधून केलेल्या डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. दर वर्षी अशी बातमी येते. चिखलातून जाणारी, अशा वाटेसाठीच जन्मलेली गाडी तिथून तास-दोन तासांवर, डोंबिवलीच्या सोसायटीत, झाकण घालून उभी असते. यात त्या मालकाचा दोष नाही. त्याने कष्टाच्या पैशांतून घेतली आहे, आणि पुरात याच मंडळींनी लोकांना बाहेर काढल्याचेही मला माहीत आहे. पण पाच मागण्यांच्या यादीत पाड्याचे नाव नाही.

म्हणून मी भेटेल त्याला सहावी मागणी सांगतो. पुढच्या पिढीत एक साधा प्रकार असावा: पडदा नको, धुता येईल अशी जमीन, मागे स्ट्रेचर मावेल एवढी लांबी, चारही चाकांची ताकद आणि हळू गिअर सर्वांत स्वस्त गाडीतच, आणि वीस वर्षे सुटे भाग मिळण्याची हमी. लोक विचारतात, अशी गाडी घेणार कोण? हा प्रश्न १९४९ मध्येही होता, आणि तेव्हा उत्तर सरकारने दिले होते. आरोग्यखाते, जंगलखाते आणि जिल्हा परिषदा यांनी मिळून आपली गरज लिहून मागितली, तर कारखान्याला गिऱ्हाईक आहे. एका हौशी मित्राने माझे म्हणणे ऐकून लगेच हिशेब केला, की तसा प्रकार निघाला तर त्यालाही तोच परवडेल, आणि छोटा दांडाही आपोआप वाचेल. त्याने यादीत सहावी ओळ लिहून घेतली.