करवंद ओळखायचं कसं?

मागच्या मे महिन्यात साताऱ्याहून कासला जाताना गाडी थांबवली. उतारावर करवंदांच्या जाळ्या नुसत्या लगडलेल्या! मूठभर तोडून लेकीपुढे धरली, तर ती म्हणते, "बाबा, विषारी नाहीत कशावरून?" अस्मादिकांनी फोन काढला... रेंज गायब.

मग आज्जी आठवली. तिचं गाव सांगली जिल्ह्यात, शिराळ्याकडे. लहानपणी देठातून पांढरा चीक आला की मी "करवंद!" म्हणून ओरडायचो. ती म्हणायची, "अरं पोरा, चीक कन्हेरालाबी असतोय. काटं बघ, पान बघ, मग तोंडात घाल."

खरंच आहे. कण्हेर करवंदाच्याच कुळातली, आणि चांगलीच विषारी. म्हणजे एक अट तपासून भागत नाही. समोरासमोर येणारी जाड, चकचकीत पानं, जोडीने येणारे आणि बऱ्याचदा टोकाशी दुभंगलेले काटे, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाईसारखी पांढरी सुवासिक फुलं आणि एप्रिल-मेमध्ये हिरव्याचं लाल, लालाचं काळं होणारं फळ. सगळं जुळलं तरच तोंडात.

ही ओळख किती जुनी असावी? अमरकोशात करवंद 'करमर्दक' आहे. दुसरं नाव 'कृष्णपाकफल', म्हणजे पिकल्यावर काळं होणारं. खूण नावातच! १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या पुस्तकात वेलदोड्याच्या जोडीने 'कारांदास'वरही एक संवाद आहे. पुढे १७६७ मध्ये लिनिअसने शास्त्रीय नाव ठेवलं 'कॅरिसा कॅरांडास'. लॅटिन नावात इथलाच शब्द जाऊन बसलाय.

गंमत बघा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इंग्रजांच्या काळात आलेली पाहुणी. तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. मूळची इथली डोंगरची काळी मैना मात्र पानांच्या द्रोणातच राहिली. असो.

कच्च्या करवंदांचं लोणचं, चटणी. पिकलेली नुसती खावीत. आज्जी लोणच्याची करवंदं आधी मिठाच्या पाण्यात टाकायची, चीक जावा म्हणून. एवढ्या सगळ्यातून माझ्या लक्षात पटकन राहिला होता तो फक्त चीक! हजार-दीड हजार वर्षांची ओळख माझ्यापाशी येऊन तुटणार होती.

लेकीला एकेक खूण दाखवली. तिने स्वतः काटे, पानं तपासली, मग करवंद चावलं. आत लालभडक. "कोंबडा!" मी ओरडलो. माझी निघाली कोंबडी.