स्त्रीचा देश कोणता?

विवाहाने स्त्रीचे घर बदलते, हे सर्वमान्य आहे. पण तिचा देशही बदलावा काय? ब्रिटनच्या १८७० च्या कायद्याचे उत्तर होकारार्थी होते. परदेशी पुरुषाशी विवाह करणारी ब्रिटिश स्त्री परकी ठरे. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा या नियमातील क्रौर्य उघडे पडले. जर्मन गृहस्थाची पत्नी आपल्या जन्मभूमीतच शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. पोलिसांकडे नाव नोंदविण्याची पाळी तिच्यावर आली.

या अन्यायाविरुद्ध दीर्घकाळ झगडणारी विदुषी म्हणजे क्रिस्टल मॅकमिलन. त्यांचा जन्म १८७२ साली एडिंबरो येथे झाला. १८९६ मध्ये तेथील विद्यापीठाची विज्ञानाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. स्कॉटलंडमधील विद्यापीठांच्या पदवीधरांना पार्लमेंटचे सभासद निवडण्याचा अधिकार होता. कायद्यातील शब्द होता ‘व्यक्ती’. मग स्त्री ही व्यक्ती नव्हे काय? हा प्रश्न घेऊन १९०८ साली त्या स्वतः हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे उभ्या राहिल्या. स्त्रियांना बॅरिस्टर होण्याची तेव्हा मुभाच नव्हती. निकाल विरुद्ध गेला; परंतु कायद्यातील एका शब्दावर स्त्रियांचे केवढे भवितव्य अवलंबून असते, हे सर्वांस कळून चुकले.

१९१५ च्या एप्रिलअखेर हेग येथे १२ देशांतील स्त्रियांची शांतता-परिषद भरली. उत्तर समुद्रातील वाहतूक बंद झाल्याने सुमारे १८० ब्रिटिश स्त्रिया मायदेशीच अडकून पडल्या. मॅकमिलनबाई मात्र तयारीसाठी आधीच तेथे पोचल्या होत्या. तटस्थ राष्ट्रांनी मध्यस्थी करावी आणि स्त्रियांस मताधिकार मिळावा, या दोन्ही मागण्या परिषदेने एकत्रच केल्या. त्या घेऊन बाई स्कँडिनेव्हिया व रशियाच्या राजधान्यांत गेल्या. युद्ध थांबले नाही.

१९१९ च्या कायद्याने वकिलीची दारे खुली झाली. पन्नाशी उलटल्यावर, १९२४ साली, त्या बॅरिस्टर झाल्या आणि विवाहित स्त्रीच्या राष्ट्रीयत्वाचा प्रश्न त्यांनी नेटाने पुढे रेटला. १९३० च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय कायदेपरिषदेने पत्नी देशहीन होऊ नये एवढीच काळजी घेतली. पतीमागे पत्नी हे तत्त्व तिने मोडले नाही.

१९३७ मध्ये बाई निवर्तल्या. ब्रिटिश स्त्रीचे राष्ट्रीयत्व विवाहानंतरही अबाधित ठेवणारा कायदा १९४८ साली झाला व १ जानेवारी १९४९ पासून अमलात आला. तोवर आणखी एका महायुद्धात त्या जुन्या नियमाने अनेकींना शत्रू ठरविले होते.