सहावी ते आठवीचे विज्ञान शिक्षक : प्रशिक्षण कुठे मिळतं, कामाची दखल कशी घेतली जाते?

भाईंदर पश्चिम : विज्ञानाची गोडी लागायची ती सहावी ते आठवीत. ही तीन वर्षं नुसत्या व्याख्या पाठ करण्यात गेली, तर पुढे मुलं या विषयाला घाबरतात. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक असायलाच हवा. पण त्या सर-मॅडमना स्वतःला नवं शिकायला कुठे मिळतं? आणि चांगल्या कामाची नोंद कोण घेतं?

शिकण्याच्या जागा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. जिल्ह्यात हे काम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, पाहते. दीक्षा ॲपवरचे कोर्स मोबाईलवर मोफत आहेत.

पण विज्ञान नुसतं स्क्रीनवर पाहून येत नाही, हाताने करून पाहावं लागतं. त्यासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) आणि चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद (स्थापना १९६६) या दोन जुन्या संस्था आहेत. दोन्ही हार्बर मार्गावर, भाईंदरहून लोकलने एका दिवसात जाऊन येण्यासारख्या. होमी भाभा केंद्राने सत्तरच्या दशकातच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या गावशाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा प्रकल्प राबवला होता. लांबच्या तालुक्यातल्या शिक्षकांसाठी अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि मराठी पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत.

कौतुकाच्या वाटा

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार : २०१८ पासून शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. निवड जिल्हा, राज्य, देश अशा तीन टप्प्यांत होते. ५ सप्टेंबरला प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये मिळतात. नियमित नोकरी आणि दहा वर्षांची सेवा लागते. खासगी शिकवणी घेणाऱ्यांना अर्ज करता येत नाही.

राज्य पुरस्कार : क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या नावाने दिला जातो.

विज्ञान प्रदर्शन : तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवर मुलांबरोबर शिक्षकांनी बनवलेल्या साधनांचाही वेगळा गट असतो.

इन्स्पायर मानक : यात मुलांच्या कल्पना शाळा ऑनलाइन पाठवते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. पण कल्पना फुलवणारा शिक्षकच असतो.

पुरस्कार शहरातल्याच शाळांना मिळतात असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

नोंद ठेवा, गावानेही विचारा

अनेकांचं घोडं अडतं ते पुराव्यापाशी. प्रयोग झाला, मुलं खूश झाली, पण फोटो नाही की तारीख नाही. राष्ट्रीय पुरस्काराच्या अर्जाला कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ जोडावे लागतात. म्हणून वर्षभर वही घाला. विषय दारातच आहेत : भाईंदरकडे खाडी, खारफुटी आणि मिठागरं, तुमच्याकडे विहीर, माती, पिकावरची कीड.

पालकांचंही काम आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा : विज्ञानाचा शिक्षक आहे का? या वर्षी त्यांना कोणतं प्रशिक्षण मिळालं? इन्स्पायरला आपल्या शाळेतून किती कल्पना गेल्या?