महाड नगरपालिकेचा चवदार तळे ठराव (१९२४)

चवदार तळे ठराव हा महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी संमत केलेला ठराव होय. या ठरावान्वये महाड येथील चवदार तळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना पाणी वापरण्यासाठी खुले करण्यात आले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. हा जिल्हा आता रायगड म्हणून ओळखला जातो. स्थानिक स्वराज्य संस्थेने नागरी हक्कांसाठी घेतलेल्या सुरुवातीच्या निर्णयांत या ठरावाची गणना होते.

पार्श्वभूमी

चवदार तळे सार्वजनिक असले तरी रूढीमुळे तेथे अस्पृश्यांना पाणी भरू दिले जात नसे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी समाजसुधारक सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालविली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. ठराव संमत झाला आणि सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने त्याच्या अंमलबजावणीचे आदेश काढले. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने आपला ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे या सुधारणेचे पुरस्कर्ते होते.

अंमलबजावणी व सत्याग्रह

ठराव झाला तरी सवर्णांच्या विरोधामुळे तो कागदावरच राहिला. इतरत्रही हीच स्थिती असल्याने, सार्वजनिक स्थळे खुली न करणाऱ्या नगरपालिकांचे व लोकल बोर्डांचे अनुदान थांबवावे, असा दुसरा ठराव बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये मांडला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. २० मार्च रोजी परिषदेतील लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि सनातनी मंडळींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. परिणामी डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले.

न्यायालयीन लढा

१२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. तळे खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी पुरातन आहे, असे वादींचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिल्याने डिसेंबरमधील सत्याग्रह तहकूब करण्यात आला. फेब्रुवारी १९२८ मध्ये हा हुकूम उठविण्यात आला. १९३१ साली दाव्याचा निकाल वादींच्या विरोधात गेला. पुढे ठाणे येथील अपिलातही त्यांना यश आले नाही. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, वादींना पुरातन रूढी सिद्ध करता आली नाही, असा निर्णय देऊन अपील फेटाळले.

महत्त्व

महाडच्या घटनाक्रमातून स्थानिक संस्थेच्या अधिकाराची व्याप्ती आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. ठरावामुळे पाण्यावरील हक्काला अधिकृत मान्यता मिळाली. परंतु त्याला अंमलबजावणीची जोड नव्हती आणि बहुमताने दिलेली मान्यता बहुमतानेच काढून घेता आली. भारतीय संविधानाने हा हक्क अशा बहुमताच्या कक्षेबाहेर नेला. अनुच्छेद १५(२) नुसार सरकारी निधीतून चालणाऱ्या किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. या संदर्भात १९५५ साली झालेल्या कायद्याला १९७६ पासून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे नाव आहे.

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांमध्ये अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिलांसाठी जागा राखीव ठेवण्यात आल्या. याच दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणारे १८ विषय दिलेले असून, त्यांत पाणीपुरवठा आणि समाजातील दुर्बल घटकांचे हितरक्षण या दोहोंचा समावेश आहे.