कटाडिनचें दानपत्र

आपल्याकडील जुन्या ताम्रपटांच्या अखेरीस दान ‘आचंद्रार्क’ चालावें असें लिहिलेलें आढळतें, आणि तें मोडणारास नरकवासाचें भय घातलेलें असतें. दात्यास पुढल्या पिढीचा भरंवसा वाटत नसे, हाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मेन येथील पर्सिव्हल बॅक्स्टर (१८७६–१९६९) यांचीं दानपत्रें वाचणारास या ताम्रपटांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

कटाडिन हा मेनमधील सर्वांत उंच डोंगर; उंची सुमारें ५२६७ फूट. १८४६ सालीं थोरो तेथें चढला. पण ढगांनीं घेरल्यामुळें माथा न गांठतांच त्यास परतावें लागलें. पुढें भोंवतालचें रान कागद करणाऱ्या कंपन्यांच्या हातीं गेलें. १९२१ ते १९२५ पर्यंत बॅक्स्टर मेनचे गव्हर्नर होते. हा डोंगर संस्थानानें विकत घ्यावा म्हणून त्यांनीं विधिमंडळास परोपरीनें सांगितलें. विधिमंडळानें ऐकलें नाहीं. तेव्हां अधिकार सुटल्यावर, १९३० सालीं, त्यांनीं स्वतःच्या पैशानें सुमारें सहा हजार एकर जमीन घेतली, आणि १९३१ मध्यें ती संस्थानास देऊन टाकली. अट एकच, पण कडक: हें रान सदैव रानच राहावें, आणि लोकांना मोकळें असावें. असे तुकडे जोडीत जोडीत १९६२ पर्यंत दान दोन लक्ष एकरांवर गेलें.

१९३७ सालीं हें सारें राष्ट्रीय उद्यान करावें असा ठराव मध्यवर्ती सरकारापुढें आला. बॅक्स्टरांनीं त्यास निकरानें विरोध केला. रस्ते आणि हॉटेलें मागोमाग येतील अशी त्यांना भीति होती. तो बेत फसला. गंमत अशी, कीं मायरन अॅव्हरी त्या बेताच्या बाजूचे होते! सायकलीचें चाक ढकलीत, मैल मोजीत, जॉर्जियापासून कटाडिनपर्यंतची दोन हजार मैलांहून लांब अॅपलेशियन पायवाट सिद्ध करण्यांत त्यांच्याइतकें कोणीच राबलें नसेल. ती वाटही १९३७ मध्येंच पुरी झाली. दोघेही त्या डोंगराचे भक्तच. मात्र एकास येणारांची सोय प्रिय, दुसऱ्यास डोंगर. आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहों.

कारण वाट राखणें हें आंखण्याहून कठीण काम आहे. बुटांनीं माती खचते, खचलेल्या जागीं पावसाचें पाणी धांवतें, आणि दोनचार वर्षांत वाटेचा ओढा होतो. मग दगडांच्या पायऱ्या बसवा, पाण्यास आडवे पाट काढा, पडलेलीं झाडें तोडा, खुणेचे पांढरे पट्टे पुन्हा रंगवा. त्या पायवाटेवर हें काम बव्हंशीं हौशी माणसें बिनमोबदला करीत आलीं आहेत. बॅक्स्टरांनीं भूमीबरोबर देखभालीसाठीं मोठा निधीही मागें ठेवला; नुसतें दान देऊन ते मोकळे झाले नाहींत, हें आम्हांस त्यांच्या उदारपणाहूनही मोलाचें वाटतें. आज तेथें कुत्रा नेतां येत नाहीं, आणि मोटारी ठेवण्यास जागा मोजकी असल्यानें एका दिवशीं माणसेंही मोजकींच चढतात.

तरीही तंटा संपलेला नाहीं. दूरवरून चालत येणारे यात्रेकरू माथ्यावर पोंचल्याच्या आनंदांत जमाव करूं लागले, मद्याच्या बाटल्या उघडूं लागले. अखेर २०१४ सालीं उद्यानाच्या चालकांनीं पायवाटेच्या संस्थेस लिहून कळविलें, कीं हें असेंच चालल्यास वाटेचें टोक कटाडिनवरून हलवावें लागेल. तें अद्याप हललेलें नाहीं. २०१६ पासून मात्र लांबून चालत येणारास डोंगर चढण्यापूर्वीं परवाना घ्यावा लागतो.