मळवलीची लक्ष्मी आणि तिला नेसवलेली खरी साडी

पुण्याहून लोणावळा लोकल पकडली की कामशेतनंतर मळवली येतं. बहुतेक पोरं इथे लोहगड-विसापूर नाहीतर भाजे लेणी करायला उतरतात. मी आज बोलणार आहे शिवणकामावर. तेही कागदावरच्या.

राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, आणि १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीला हलला. एकेका रंगाला वेगळा दगड, असं करत लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला छापल्या जायच्या. कर्ज डोईजड झालं तेव्हा रविवर्मांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला. (दादासाहेब फाळकेंनीही सिनेमाआधी या छापखान्यासाठी काम केलंय. तो वेगळा एपिसोड.)

इथपर्यंतचं सगळं पुस्तकांत सापडतं. पण चित्र विकत घेतल्यावर त्याचं काय व्हायचं, ते मला जास्त भारी वाटतं. कित्येक घरांत त्या छापील देवीला खरं कापड नेसवलं जायचं! चेहरा, हात, पाय छापील तसेच ठेवायचे. साडीच्या जागी रेशीम किंवा साटन, काठाला जर, दागिन्यांच्या जागी मोती आणि टिकल्या. मग वर काच, आणि फ्रेम देवघरात.

ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. कापडात सुई चुकली तर टाका उसवता येतो, बहुतेक वेळा भोकही बुजतं. कागदात पडलेलं भोक कायमचं. टाके जवळजवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि कागद तिथेच फाटतो. म्हणून सुई बारीक हवी आणि टाका लांब. साटनची कड कापली की लगेच सुटायला लागते. एवढ्याशा निरीला दुमड घातली तर ती जाड दिसते. कड खळीने बसवावी, तर खळ जास्त झाली की रेशमावर डाग उमटतो. जरीची गंमत आणखी वेगळी. ती पुन्हा पुन्हा भोकातून ओढली की सोलवटते, म्हणून वर नुसती ठेवायची आणि बारीक दोऱ्याने जागोजागी टाचायची.

छापील चित्रावर रविवर्मांचं नाव असतं, छापखान्याचंही असतं. निऱ्या बसवणारीचं नाव कुठेच नसतं. काही कामं कारागिरांची, काही घरातल्या बायकांची. कोणतं कुणाचं, हे आता टाक्यांवरूनच ओळखायचं. मला विचाराल तर त्या चित्राची अर्धी मालकी तिची आहे.

१९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि बरंच काही गेलं. त्यामुळे घराघरांतल्या या फ्रेमा आता फार मोलाच्या आहेत. आणि मावळचा पावसाळा तर तुम्हाला माहितीये! ओल लागली की कागद आणि रेशीम वेगवेगळे आकसतात, जर काळी पडते, खळीला कसर लागते.

आजोळी अशी फ्रेम असेल तर ओल्या भिंतीवरून काढा. कापड काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, जर घासून चकचकीत करू नका. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरा, टाके दिसतील. फोटो काढा आणि आजीला विचारा, हे कुणी केलं होतं. नाव कळलं तर मागे चिठ्ठी लावून ठेवा.