फ्रेड मॅकग्रिफ

फ्रेडरिक स्टॅनली मॅकग्रिफ (३१ ऑक्टोबर, १९६३: टॅम्पा, फ्लोरिडा, अमेरिका - ) हे अमेरिकेचे निवृत्त बेसबॉलपटू आहेत. मेजर लीग बेसबॉलमध्ये १९८६ ते २००४ असे १९ हंगाम ते सहा संघांकडून खेळले. त्यांनी एकूण ४९३ होमरन काढले.

खेळातील स्थान
मॅकग्रिफ डावखुरे फलंदाज व फर्स्ट बेसमन होते. फलंदाज धावत पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वी सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलून त्याला बाद करणे, हे या क्षेत्ररक्षकाचे मुख्य काम होय. त्याच्याकडून जोरदार फलंदाजीचीही अपेक्षा असते.

कारकीर्द
१९८१मध्ये न्यू यॉर्क यांकीज संघाने त्यांची निवड केली. परंतु मुख्य संघातून एकही सामना खेळण्यापूर्वीच, डिसेंबर १९८२मध्ये, त्यांना टोरँटो ब्लू जेसकडे देण्यात आले. १९८९मध्ये ३६ होमरनांसह ते अमेरिकन लीगमध्ये अग्रस्थानी होते. तरीही पुढच्याच वर्षाअखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीत त्यांची रवानगी सान डिएगो पाद्रेसकडे झाली. तेथे १९९२मध्ये ३५ होमरन काढून त्यांनी नॅशनल लीगमध्येही पहिला क्रमांक मिळवला.

जुलै १९९३मध्ये ते अटलांटा ब्रेव्ह्जमध्ये आले. त्यांच्या आगमनानंतर गुणतक्त्यात पिछाडीवर असलेल्या या संघाने उरलेल्या सामन्यांपैकी ५१ जिंकले, १७ गमावले आणि सान फ्रान्सिस्को जायंट्सला एका विजयाने मागे टाकून गटात पहिले स्थान पटकावले. १९९५मध्ये ब्रेव्ह्जने वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर मॅकग्रिफ टॅम्पा बे डेव्हिल रेझ, शिकागो कब्ज आणि लॉस एंजेलस डॉजर्स या संघांकडून खेळले. २००४मध्ये ते पुन्हा टॅम्पा बेकडे आले. मोसमाच्या मध्यास संघाने त्यांना मुक्त केले, तेव्हा ५०० होमरनांसाठी त्यांना केवळ सात होमरन हवे होते.

मूल्यमापन
१९९४चा हंगाम खेळाडूंच्या संपामुळे ऑगस्टमध्येच थांबला. तोपर्यंत मॅकग्रिफ यांनी ११३ सामन्यांत ३४ होमरन काढले होते. हंगाम पूर्ण झाला असता, तर ५००चा टप्पा बहुधा गाठला गेला असता. यांकीजचे विख्यात फर्स्ट बेसमन लू गेरिग यांचेही होमरन नेमके ४९३च होते; मात्र त्यांची सबंध कारकीर्द एकाच संघात गेली. मॅकग्रिफ यांना कोणत्याही एका शहराने पूर्णपणे आपले मानले नाही.

सन्मान
बेसबॉल हॉल ऑफ फेममधील प्रवेशासाठी पत्रकारांची ७५ टक्के मते आवश्यक असतात. दहा वर्षांच्या मुदतीतील अखेरच्या मतदानातही (२०१९) मॅकग्रिफ यांना ३९.८ टक्केच मते मिळाली. डिसेंबर २०२२मध्ये १६ सदस्यांच्या विशेष समितीने त्यांची एकमताने निवड केली आणि जुलै २०२३मध्ये त्यांचा समावेश झाला. तेथील स्मृतिफलकावर त्यांच्या टोपीवर कोणत्याही संघाचे चिन्ह नाही.